दाबविद्युत सिरॅमिक : ध्रुवण का करावे लागते?

आमेरचा किल्ला पाहून जयपूरकडे परतताना तुम्ही दुकानांत निळ्या नक्षीच्या बशा पाहिल्या असतील. ही जयपूरची 'ब्लू पॉटरी'. तिचा मुख्य घटक क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची पूड. तिच्यात काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक मिसळतात.

क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. मग बशी दाबली तर व्होल्टेज का मिळत नाही? 'भट्टीत गुणधर्म नष्ट झाला' असे उत्तर अनेकदा मिळते. ते चूक आहे. ५७३° से. च्या वर क्वार्ट्झची रचना बदलते खरी, पण थंड होताना ती पूर्ववत होते. खरे कारण दिशेचे आहे. बशीतला प्रत्येक कण दाबविद्युत असतो, मात्र कणांचे अक्ष वाटेल त्या दिशेला असतात. एकाचा भार दुसरा खोडतो आणि बेरीज शून्य येते.

गॅस लायटरमधले सिरॅमिकही असंख्य कणांचेच असते, तरी ठिणगी पडते. त्यातले लेड झिर्कोनेट टायटेनेट (पीझेडटी) फेरोइलेक्ट्रिक आहे. त्याच्या एकक कोशिकेत धन आणि ऋण भारांची केंद्रे एकमेकांपासून सरकलेली असतात, आणि या सरकण्याची दिशा बाहेरच्या विद्युतक्षेत्राने वळवता येते. क्वार्ट्झमध्ये ती सोय नाही. म्हणून चकतीच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप देऊन, ती गरम सिलिकॉन तेलात ठेवून, दर मिलिमीटरला साधारण २ ते ३ किलोव्होल्ट देतात आणि क्षेत्र चालू असतानाच थंड करतात. हेच ध्रुवण.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फेराइट आणि फेरोइलेक्ट्रिक यांच्या संमिश्रांवर काम झाले आहे. अशा संमिश्रांत अडचण नेमकी इथेच येते : फेराइटचा विद्युतरोध कमी, त्यामुळे प्रवाह गळतो आणि ध्रुवण अपुरे राहते.

पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून अधिक शिसे असते. सुमारे १२००° से. ला भाजताना लेड ऑक्साइडची वाफ होते. झाकणबंद मुशीचा आग्रह केवळ घटकांचे प्रमाण राखण्यासाठी नाही, तुमच्या श्वासासाठीही आहे. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतल्या शिशावर निर्बंध घातले, पण तोडीस तोड पर्याय नसल्याने दाबविद्युत सिरॅमिकला सवलत द्यावी लागली.

पर्याय म्हणून पोटॅशियम सोडियम नायोबेटचा अभ्यास होतो. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्यावर आधारित सिरॅमिकचे कण भाजतानाच एका दिशेने वाढवले आणि ४१६ पिकोकूलोम प्रति न्यूटन इतका गुणांक मिळवला. क्वार्ट्झचा जेमतेम २.३ आहे. बशीत जे नव्हते, ते त्यांनी घडवून आणले!

हा पदार्थ स्वतः बनवणार असाल, तर पोटॅशियम कार्बोनेट वजन करण्यापूर्वी ओव्हनमध्ये वाळवा. ते हवेतले पाणी झपाट्याने शोषते, आणि मग तराजू दाखवतो त्यातला काही भाग निव्वळ पाणी असतो.