छोट्या बेटाला किती मोठे बंदर हवे?

दरवर्षी जुलै महिन्यातील दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा ‘सागर रविवार’ पाळते. दर्यावर्दी, मच्छीमार आणि त्यांची कुटुंबे यांचे त्या दिवशी मिस्साबलिदानात विशेष स्मरण केले जाते. समुद्रावर उपजीविका करणाऱ्यांच्या जीवनात बंदराचे मोल काय असते, हे किनाऱ्यावरील आपल्या भाविकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु बंदर बांधावे की नाही, बांधल्यास केवढे बांधावे आणि त्याचा भार कोणी उचलावा, हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. तो न्यायाचा, विवेकाचा आणि म्हणूनच श्रद्धेचाही प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी जगाच्या एका कोपऱ्यातील चिमुकल्या बेटाचा विचार आपण करू या.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचे बेट आहे. पृथ्वीवरील सर्वांत एकाकी मानवी वस्ती अशी त्याची ख्याती आहे. सर्वांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना बेट. तेही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. दक्षिण आफ्रिकेचे केपटाऊन शहर सुमारे २,८०० किलोमीटरवर आहे. बेटावर विमानतळ नाही. केपटाऊनहून जहाजाने निघावे आणि जवळजवळ आठवडाभराने पोहोचावे, एवढाच मार्ग. वर्षाकाठी अशा मोजक्याच फेऱ्या होतात. हा ब्रिटनच्या आधिपत्याखालील प्रदेश असून लोकसंख्या अडीचशेच्या आत आहे.

बेटाच्या नावाशी वसईचे एक दूरचे नाते आहे. १५०६ साली भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्तांव दा कुन्हा याच्या दृष्टीस हे बेट पडले आणि त्याचेच नाव त्यास मिळाले. त्याचा पुत्र नुनो दा कुन्हा पुढे पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली.

समतेचा करार आणि समुद्राचा घाला

१८१६ साली ब्रिटिश सैन्याची एक तुकडी या बेटावर आली. ती परत निघाली तेव्हा विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश सैनिक आपले कुटुंब व दोन सोबती यांच्यासह मागे राहिला. १८१७ साली त्यांनी एक करार लिहून काढला. साधनसामग्री सर्वांची समान, लाभ समान, खर्चही समान आणि कोणीही कोणावर वरचढपणा गाजवायचा नाही, असा त्याचा आशय होता. आजही तेथील जमीन बाहेरच्या माणसाला विकत घेता येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत वर्णिलेल्या आद्य ख्रिस्ती समूहाची आठवण व्हावी, असे हे सहजीवन आहे.

परंतु समुद्राने या समूहाची वेळोवेळी कठोर परीक्षा घेतली. नोव्हेंबर १८८५ मध्ये जवळून जाणाऱ्या एका जहाजाशी देवाणघेवाण करण्यासाठी १५ पुरुष होडीतून निघाले. त्यांपैकी एकही परत आला नाही. इवल्याशा वस्तीतील कर्ते पुरुष एका दिवसात गेले. मागे विधवा आणि मुले उरली. त्या काळी तेथे बंदर नव्हते. उघड्या किनाऱ्यावरून होड्या लोटायच्या आणि लाटांतून वाट काढायची, हाच परिपाठ होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास बेटाला उपजीविकेचे नवे साधन लाभले. तेथील थंड पाण्यात उत्तम प्रतीची शेवंड मिळते. ती गोठवून किंवा डबाबंद करून परदेशी पाठवण्याचा कारखाना उभा राहिला. मात्र ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीलगत ज्वालामुखीचा उद्रेक झाला. होड्या लावण्याचा किनारा आणि कारखाना लाव्हारसाखाली गडप झाले. सर्व रहिवाशांना इंग्लंडला हलवावे लागले. तेथे वीज, दुकाने, नोकऱ्या, सर्व काही होते. तरीही परत जाण्याविषयी मतदान झाले तेव्हा १४८ जणांनी परतण्याच्या बाजूने आणि केवळ ५ जणांनी विरोधात मत दिले. १९६३ साली लोक आपल्या घरी परतले.

परतले खरे, पण होड्या लावायच्या कुठे? म्हणून दोन छोटे लाटारोधक बंधारे घालून एक बंदर बांधण्यात आले आणि १९६७ साली ते वापरात आले. इंग्लंडमध्ये ज्या छावणीत त्यांना आसरा मिळाला होता, तिच्या नावावरून त्याला ‘कॅलशॉट हार्बर’ असे नाव देण्यात आले.

हे बंदर चालते कसे?

‘बंदर’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, तसे येथे काही नाही. जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते समुद्रात नांगर टाकून उभे राहते. क्रेनने माल तराफ्यांवर उतरवतात आणि तराफे होडीने ओढून आत आणतात. माणसे दोरशिडीने होडीत उतरतात. बंदरातील पाणी उथळ आहे आणि वादळी लाटा आतपर्यंत शिरतात. त्यामुळे मासेमारीच्या होड्याही पाण्यात ठेवता येत नाहीत. दिवसाचे काम संपले की त्या क्रेनने उचलून जमिनीवर घ्याव्या लागतात. हवामान अनुकूल असेल त्या पहाटे एक लोखंडी नळकांडे ठणठण वाजवतात. ती मासेमारीच्या दिवसाची घोषणा असते. असे दिवस वर्षात थोडेच येतात.

येथे मोठे बंदर का बांधत नाहीत, असे कोणी विचारील. बेट म्हणजे महासागराच्या तळातून वर आलेला ज्वालामुखी पर्वत. किनाऱ्यापासून थोडे पुढे गेले की समुद्रतळ झपाट्याने खोल होतो. दगडी बंधारा माथ्याशी अरुंद आणि पायथ्याशी रुंद असतो. म्हणून पाण्याची खोली दुप्पट झाली की बंधाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीला लागणारा दगड दुप्पट नव्हे, तर जवळजवळ चौपट होतो. यंत्रे, सिमेंट, इंधन आणि कुशल कामगार हजारो किलोमीटरवरून आणावे लागतात. काम शांत हवेतच करता येते आणि शांत हवा तर दुर्मीळ. शिवाय बांधकाम संपले की खर्च संपतो असे नाही. प्रत्येक वादळ बंधाऱ्याचे दगड हलवते, गोटे आत लोटते. फेब्रुवारी २००८ मध्ये आगीत शेवंडीचा कारखाना आणि वीजनिर्मितीची यंत्रे भस्मसात झाली. बंदरही त्या वेळी मोडकळीस आले होते. ब्रिटिश लष्कराच्या अभियंत्यांनी त्याच सुमारास तेथे जाऊन त्याची तातडीने डागडुजी केली.

दोन्ही बाजू

बंदरावर अधिक पैसा खर्च करावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. बेटाचे उत्पन्न प्रामुख्याने शेवंडीवर अवलंबून आहे आणि शेवंड होडीवर. धान्य, औषधे, इंधन, टपाल हे सर्व या एकाच दारातून आत येते. बेटावरील रुग्णालयात होऊ न शकणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाला जहाजानेच न्यावे लागते. जहाज समोर उभे आहे, पण लाटांमुळे माणूस त्यावर चढवता येत नाही, ही स्थिती जीवनमरणाची ठरू शकते. तरुणांना येथे भवितव्य दिसले नाही तर ते निघून जातील आणि दोनशे वर्षांची वस्ती संपुष्टात येईल.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अडीचशेहून कमी माणसांसाठी एवढा खर्च कितपत योग्य, असे करदाता विचारणारच. निसर्गाची चिंताही खरी आहे. १८८२ साली एका फुटलेल्या जहाजातून उंदीर या बेटावर आले आणि पक्ष्यांचा कायमचा शत्रू ठरले. मार्च २०११ मध्ये ‘ऑलिव्हा’ हे मालवाहू जहाज शेजारच्या नाइटिंगेल बेटावर आदळले आणि हजारो पेंग्विन तेलात माखले. जहाजांची वर्दळ जितकी अधिक, तितका हा धोका अधिक. नोव्हेंबर २०२० मध्ये तर या बेटवासीयांनी भोवतालच्या सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्राला संरक्षण देण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच्या ९० टक्क्यांहून अधिक भागात मासेमारीस बंदी आहे. ज्यांनी समुद्र जपण्याचे असे व्रत घेतले, त्यांना महाकाय बंदर शोभणार नाही.

सेंट हेलेनाचा अनुभवही येथे लक्षात घ्यावा. तेथे ब्रिटनने सुमारे २८.५ कोटी पौंड खर्चून विमानतळ बांधला. मे २०१६ मध्ये तो सुरू व्हायचा होता. परंतु धावपट्टीवरील धोकादायक वाऱ्यांमुळे नियमित विमानसेवा सुरू होण्यास ऑक्टोबर २०१७ उजाडला. पर्यटकही अपेक्षेप्रमाणे आले नाहीत. विमानतळाने लोकांची सोय झाली, आजाऱ्यांना मोठा आधार मिळाला; पण पर्यटनाच्या भरवशावर केलेली गणिते चुकली.

ख्रिस्तसभेची शिकवण काय सुचवते?

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १४:२८). हे बंदर वापरात आले त्याच वर्षी, म्हणजे १९६७ साली, पोप पॉल सहावे यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. विकास म्हणजे केवळ आर्थिक वाढ नव्हे. प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा विकास हाच खरा विकास, हा त्याचा गाभा आहे. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या २०१५ सालच्या विश्वपत्राने त्यात सृष्टीच्या संगोपनाची जोड दिली. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली आणखी एक तत्त्व मांडले होते. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. मात्र जे त्याच्या शक्तीपलीकडचे आहे, तेथे मोठ्या सत्तेने साहाय्यास यावे.

या कसोट्या लावल्या तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. ट्रिस्टनच्या बंदरावर खर्च करणे योग्य आहे. परंतु तो मोठी जहाजे आणि पर्यटकांचे तांडे आणण्यासाठी नव्हे, तर लोकांना तेथे सुरक्षितपणे राहता यावे यासाठी. बंधारे मजबूत हवेत, होड्या उचलण्याची यंत्रे भरवशाची हवीत, डागडुजीसाठी दरवर्षी निधी राखून ठेवलेला हवा आणि बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी काटेकोर हवी. बंदर गरजेएवढे असावे, हव्यासाएवढे नसावे. होड्या चालवणे, समुद्र राखणे, मासेमारीचा दिवस ठरवणे ही कामे बेटवासी स्वतः उत्तम करतात. बंधाऱ्याचा खर्च मात्र त्यांच्या ऐपतीबाहेरचा आहे. तो ब्रिटनने उचलणे ही भीक नव्हे, ते कर्तव्य आहे. अडीचशे माणसे म्हणजे फारच थोडी, हा युक्तिवाद आपल्याला मान्य करता येणार नाही. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचे आपण अनुयायी आहोत.

या बेटावर बहुसंख्य लोक अँग्लिकन असले तरी छोटासा कॅथॉलिक समूहही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे विवाह करून आलेल्या दोन आयरिश बहिणींनी ही श्रद्धा आपल्या घरात जपली. धर्मगुरू क्वचितच येऊ शकत असल्यामुळे प्रापंचिकांनीच प्रार्थनेची परंपरा टिकवली. आज तेथे संत योसेफाचे चर्च आहे. धर्मगुरू येतात तेही याच बंदरातून, याच तराफ्यांच्या आणि दोरशिडीच्या वाटेने.

आपल्या किनाऱ्यावर प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला आहे. त्याची आणि ट्रिस्टनच्या इवल्या धक्क्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु विचारायचे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत. हे बंदर कोणासाठी? ज्यांचे घर किनाऱ्यावर आहे, त्यांना निर्णयात स्थान आहे काय? समुद्राची हानी कोण भरून काढणार? आणि वीस वर्षांनंतर देखभालीचा भार कोणावर पडणार?

सागर रविवारी आपण सागरतारा मारियेच्या मध्यस्थीची याचना करतो. त्या प्रार्थनेबरोबर हे प्रश्न आपल्या धर्मग्रामांत, विशेषतः कोळीवाड्यांतील कुटुंबांच्या सहवासात, शांतपणे चर्चिले जावेत. बंदराची खरी उंची त्याच्या क्रेनवरून मोजायची नसते. वादळाच्या रात्री सर्वांत लहान होडी त्याच्या आत सुखरूप असते की नाही, यावरून ती मोजायची असते.