बायपासनंतर मनाचीही तपासणी हवी
बायपासची जखम भरली की रुग्ण बरा झाला, असे आपण मानतो. ड्यूक विद्यापीठातील ८१७ बायपास रुग्णांचा २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास वेगळेच सांगतो: शस्त्रक्रियेच्या वेळी मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांना मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक होता. मुळात जास्त आजारी माणसेच खचत असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण वय, मधुमेह, धूम्रपान, हृदयाची पंपिंग क्षमता यांचा हिशेब करूनही फरक उरलाच. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालणे टाळतो, पुन्हा सिगारेटकडे वळतो. तरीही नुसते समुपदेशन पुरत नाही. हार्ट अटॅकनंतरच्या २,४८१ रुग्णांवरील ‘एनरिच्ड’ चाचणीत त्याने नैराश्य कमी झाले, मृत्यू घटले नाहीत. म्हणून मनाच्या उपचाराला देखरेखीखालचा व्यायाम आणि तंबाखूमुक्ती यांची जोड हवी, आणि फॉलोअपला ईसीजीइतक्याच गांभीर्याने मनाची विचारपूस व्हायला हवी.