जिओकॅशच्या डब्यात मोठ्यांसाठी काय ठेवाल?

मे २००० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मरने पहिला जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीनं शोधायचा डबा, लपवला. त्यात पुस्तकं, गलोल आणि चक्क बीन्सचा टिन होता! नियम साधा: काही घ्या, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवा. पण हल्ली डबा उघडावा तर प्लास्टिकची खेळणी. मोठ्यांनी काय घ्यायचं?

वाराणसीला जाणार असाल तर डब्यात ठेवायच्या वस्तू तिथूनच आणा. खोजवाँ, कश्मीरीगंज भागातली लाखेच्या रंगातली लाकडी सिंदूरदाणी, बनारसी काचमणी, ठठेरी बाजारातली इवली पितळी घंटी. बनारसी ब्रोकेडचा तुकडा माझा सगळ्यात लाडका, मात्र झिपच्या पिशवीत घाला, ओल लागली की संपलं. पेढे, अत्तर, अगरबत्ती मुळीच नको; वासानं माकडं डबा फोडतील.