यशवंतपूरच्या मातीत रोमन नाणी

रोमन संस्कृतीचे अवशेष म्हटले की डोळ्यांपुढे येतात इटली, ग्रीस, तुर्कस्तानातले उंच खांब आणि दगडी नाट्यगृहे. तिथवर सहकुटुंब जाण्याचा खर्च किती जणांना झेपणार? पण मिरज-हुबळीकडून बंगळुरूला येणाऱ्या गाडीतून आपण यशवंतपूरला उतरतो, तेव्हा त्या जगाचा एक दुवा आपल्या पायाखालीच सापडला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८९१ साली यशवंतपूर भागात जमिनीतून १६३ रोमन चांदीची नाणी निघाली. पुढे १९६५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमानतळाच्या परिसरात आणखी २५६ नाणी मिळाली. त्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची नाणी होती. ऑगस्टसची कारकीर्द इ. स. पूर्व २७ ते इ. स. १४, तर टायबेरियसची त्यानंतर इ. स. ३७ पर्यंतची. म्हणजे ही नाणी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची!

मिरी गेली, चांदी आली

त्या काळी इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे पावसाळी वाऱ्यांच्या जोरावर आपल्या किनाऱ्याला लागत. इथून मिरी, सुती कापड, मोती, रत्ने जात आणि बदल्यात सोने-चांदी येई. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारत गिळंकृत करतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने करून ठेवली आहे. पैठण आणि तेर ही आपली गावेही या व्यापारात होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती त्याचीच साक्ष देते.

मात्र नाणी रोमन, म्हणून बंगळुरूत रोमन लोक राहत होते असे नव्हे. डॉलर सापडला म्हणजे त्या घरात अमेरिकन माणूस राहतो असे थोडेच ठरते? ही चांदी हातोहात फिरत इथवर आली असावी. ती कोणी पुरली, मालक परत का आला नाही, आजूबाजूला वस्ती कशी होती, या प्रश्नांना नाणी उत्तर देत नाहीत. त्यासाठी ती ज्या मातीत पडली होती, ती माती थर न मोडता तपासावी लागते.

एका नाण्याने लावलेला काळ

हा फरक पाहायचा तर बंगळुरूहून सुमारे २०० किलोमीटरवर, पुण्याच्या महामार्गावरच असलेल्या चित्रदुर्गला थांबावे. किल्ल्याच्या पायथ्याशी, डोंगरांच्या कुशीत चंद्रवल्ली आहे. १९४७ मध्ये पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी इथे पद्धतशीर उत्खनन केले. सातवाहन काळातल्या थरांत टायबेरियसचे नाणे मिळाले आणि सोबत तळाशी बारीक टिंबांची गोल नक्षी असलेली भांडी. त्यांच्या आधारे या वस्तीचा काळ ठरवता आला. यशवंतपूरच्या १६३ नाण्यांना जे जमले नाही, ते इथे एका नाण्याने साधले, कारण त्याची जागा नोंदली गेली होती.

पुढे गंमत अशी झाली, की ती नक्षीची भांडी भूमध्य समुद्राकडून आली असावीत हा समज नंतरच्या तपासणीत मागे पडला. ती भारतातच घडली होती! आपले कुंभारही कमी नव्हते.

जाताना एवढे पाहा

चंद्रवल्लीत उभ्या खांबांच्या रांगा नाहीत, म्हणून मुलांना आधीच ही कथा सांगून न्यावे. तिथे तलाव आहे, चौथ्या शतकातील कदंब राजा मयूरशर्म्याचा तलावाचा उल्लेख करणारा प्राकृत शिलालेख आहे आणि अंकली मठाची भुयारी दालनेही आहेत. दालनांत काळोख असतो. बॅटरी आणि माहितगार वाटाड्या बरोबर हवा. बंगळुरूत कस्तुरबा रस्त्यावरचे १८६५ साली स्थापन झालेले सरकारी वस्तुसंग्रहालयही पाहण्याजोगे आहे. निघण्यापूर्वी ते उघडे असल्याची चौकशी करावी.

आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. पायासाठी किंवा विहिरीसाठी खणताना जुनी नाणी लागली, तर ती वाटून घेऊ नयेत, वितळवू नयेत, चिंच लावून घासूही नयेत. जागा तशीच ठेवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास तसे कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. सराफाकडे नाण्याला चांदीचा भाव मिळेल. पण सोबतची माती विस्कटली, तर त्या जागेची कहाणी पुन्हा कोणालाच वाचता येणार नाही.