कृत्रिम हात आणि दात्याचे हात

ठाणे पूर्वेकडील कोपरी हा रेल्वेच्या आधाराने वाढलेला परिसर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली. तेव्हापासून या रुळांनी इथल्या माणसांना पोट दिले, आणि काहींचे हातपायही घेतले. म्हणूनच कृत्रिम अवयवांच्या क्षेत्रातील प्रगती हा विषय आपल्यासाठी केवळ परदेशी प्रयोगशाळांतला नाही.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर लोकलमध्ये चढताना एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी फलाट आणि डबा यांमधील फटीत पडली. तिने दोन्ही हात गमावले. फलाटांच्या कमी उंचीचा प्रश्न त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या मुलीला प्रथम विजेरीवर चालणारे कृत्रिम हात बसविण्यात आले. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये परळ येथील ग्लोबल रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया होऊन चेन्नईतील एका मेंदूमृत दात्याचे हात तिला लाभले. यंत्राचा हात आणि माणसाचा हात असे दोन्ही तिच्या वाट्याला आले. या दोहोंत नेमका भेद काय, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

त्याआधी पायाविषयी थोडेसे, कारण त्या बाबतीत आपला देश मागे नव्हता. पुण्यात १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी, कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. मात्र पाश्चात्त्य पद्धतीचा पाय बुटात घालून वावरण्यासाठी घडविलेला होता. तो लावून मांडी घालता येईना की उकिडवे बसता येईना. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड वापरून असा पाय घडविला की, तो घालून अनवाणी शेतात जाता येते आणि जमिनीवर पंगतीलाही बसता येते. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन १९८४ मध्ये हाच जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. आमच्या मते, विज्ञानाने माणसाची जीवनपद्धती ध्यानात घेतली की स्वस्त साधनही किती मोलाचे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

हाताची गोष्ट अधिक अवघड आहे. पायाने मुख्यत्वे शरीराचा भार पेलायचा असतो. हाताला मात्र सुईत दोरा ओवायचा असतो, बाळाचा ताप पाहायचा असतो. विजेरीवरील कृत्रिम हाताचे तत्त्व असे : स्नायू आकुंचन पावताना अत्यंत सूक्ष्म विद्युतसंकेत निर्माण होतात. उरलेल्या बाहूच्या त्वचेवर टेकविलेले संवेदक ते टिपतात आणि छोट्या मोटारी बोटे मिटवितात वा उघडतात. यासाठी कित्येक आठवडे सराव करावा लागतो. एवढे करूनही असा हात सहसा स्पर्श जाणत नाही. पेला किती घट्ट धरला आहे हे डोळ्यांनी पाहावे लागते. शिवाय तो जड असतो, महाग असतो आणि पावसाळ्यात त्याला पाण्यापासून जपावे लागते.

दात्याचा हात जोडताना प्रथम हाडे धातूच्या पट्ट्यांनी सांधतात. मग रक्तवाहिन्या, स्नायू आणि मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. येथे एक नवल आहे. दात्याचे मज्जातंतू पुन्हा जिवंत होत नाहीत. ते केवळ रिकाम्या नळीसारखे वाट दाखवितात आणि रुग्णाचे स्वतःचे तंतू त्यांतून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने वाढत जातात. म्हणून बाहूपासून जोडलेल्या हाताच्या बोटांपर्यंत संवेदना पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर रोज व्यायाम करावा लागतो. शरीराने परका हात नाकारू नये म्हणून औषधे मात्र आजन्म घ्यावी लागतात. त्यांमुळे जंतुसंसर्गाची भीती वाढते, मूत्रपिंडांवरही ताण येतो. जीव वाचविण्यासाठी नव्हे, तर जगणे सुधारण्यासाठी हा धोका पत्करायचा का, हा निर्णय रुग्णाने पूर्ण माहिती घेऊनच करावयाचा असतो. तेथे डॉक्टरांनी वा नातेवाइकांनी घाई करू नये.

आणि दाता? मूत्रपिंड वा यकृत दिले तरी देह बाहेरून तसाच दिसतो. हात मात्र दिसतात. त्याच हातांत आपण जपमाळ गुंफून देह शवपेटीत ठेवतो. हात द्यायला कुटुंबे कचरतात, ती याच कारणाने असावीत, आणि ही भावना आम्ही क्षुल्लक मानत नाही. देहाच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे. तथापि दान केलेला अवयव त्याच्या आड येतो, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५६ मध्येच नेत्रपटल रोपणाविषयी बोलताना मृतदेहातून असे दान घेण्यास मान्यता दिली होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली रोम येथे अवयवरोपण तज्ज्ञांसमोर बोलताना दान हे स्वेच्छेने आणि माहितीपूर्वक झाले पाहिजे, त्याचा व्यापार होता कामा नये, हे स्पष्ट केले. भारतातही १९९४ च्या कायद्याने अवयवांच्या खरेदीविक्रीस बंदी आहे.

मेंदूमृत्यूनंतर रुग्णालयातील समन्वयक दानाविषयी विचारतात ते कुटुंबालाच. दात्याने आपली इच्छा आधी घरी बोलून दाखविली नसेल, तर त्या दुःखाच्या घटकेत निर्णय करणे फार जड जाते. हातांची गोष्ट निघाली, तर एक माहिती घरच्यांना असावी : हात काढून घेतल्यावर शल्यचिकित्सक दात्याच्या देहाला कृत्रिम हात बसवून देतात. अंत्यदर्शनाला येणाऱ्यांना बाह्यांतून ते हात दिसतात, आणि त्यांत जपमाळही गुंफता येते.