लेकाकडे लंडनला निघालात? दोघांत एक रेलकार्ड काढा, तिकिटावर एक तृतीयांश वाचवा

गोव्याची कितीतरी कुटुंबं आज इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये स्थायिक आहेत. बेळगाव, इंदूर, वडोदऱ्याची मुलंही शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेली आहेत. त्यांचे आई-वडील दोन-चार महिन्यांसाठी भेटीला जातात तेव्हा पहिला धक्का बसतो तो रेल्वेच्या भाड्याचा. पौंडाचे रुपये करून पाहिले की फिरायची इच्छाच मरते! आपल्याकडे ज्येष्ठांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. ती असताना वय सांगितलं की भाडं कमी व्हायचं. तिकडे मात्र सवलतीसाठी आधी कार्ड विकत घ्यावं लागतं. त्यालाच रेलकार्ड म्हणतात.

दोघांचं कार्ड

दोघांनी मिळून फिरायचं असेल तर 'टू टुगेदर रेलकार्ड' घ्यावं. वर्षाचे ३५ पौंड (मार्च २०२५ पर्यंत ३० होते). कार्डावर दोघांची नावं आणि फोटो असतात. दोघंही १६ वर्षांच्या पुढचे हवेत, एवढीच वयाची अट. नवरा-बायकोच हवेत असं नाही. दोन बहिणी, मायलेकी, दोन मित्र कुणीही चालतात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या बहुतेक गाड्यांवर दोघांच्याही तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते.

हिशेब साधा आहे. समजा, एका गावाला जाऊन-येऊन माणशी ६० पौंड पडतात. दोघांचे १२०. कार्डावर ते ८० होतात, म्हणजे ४० वाचले. कार्डाचे पैसे एकाच फेरीत वसूल! वर्षभरात दोघांचं मिळून १०५ पौंडांपेक्षा जास्त भाडं होणार असेल तरच कार्ड परवडतं. एखाद-दुसरा जवळचा प्रवास असेल तर नको.

अटी नीट वाचा

- सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीला हे कार्ड चालत नाही. शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला वेळेचं बंधन नाही.
- पूर्ण प्रवास दोघांनी एकत्रच करायचा. बाबांना बरं नाही म्हणून आई मुलासोबत निघाली, तर सवलत नाही.
- प्रवासात कार्ड जवळ हवं. फोनमध्ये असेल तर फोन चार्ज ठेवा. तपासनीसाला कार्ड दाखवता आलं नाही तर वर भुर्दंड बसू शकतो.
- लंडनच्या मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून गेलात तर ही सूट मिळत नाही.

दोघंही साठीच्या पुढचे असाल तर?

सीनियर रेलकार्डही ३५ पौंडांचंच, सूटही तेवढीच. पण ते एकट्याचं असतं. दोघांना दोन घ्यावी लागतात, म्हणजे ७० पौंड. कायम जोडीनेच फिरणार असाल तर एकच 'टू टुगेदर' स्वस्त. वेगवेगळे फिरणार असाल तर सीनियर बरं.

नातवंडं बरोबर असतील तर 'फॅमिली अँड फ्रेंड्स' कार्डाचा विचार करा. त्यात चार मोठे आणि ५ ते १५ वयाची चार मुलं बसतात. मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सूट. मात्र किमान एक मूल सोबत हवंच. पाच वर्षांखालच्या मुलांना तसंही तिकीट नाही.

काढायचं कसं?

ऑनलाइन काढता येतं किंवा स्टेशनवरच्या तिकीट खिडकीवर. दोघांचे फोटो तयार ठेवा. मग तिकीट काढताना रेलकार्डाचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर पूर्ण भाडं कापलं जाईल. ॲडव्हान्स तिकिटं आधीच स्वस्त असतात आणि त्यांवरही रेलकार्डाची सूट चालते. फक्त त्या तिकिटावर ठरलेल्याच गाडीने जावं लागतं. काही वेबसाइट वर शुल्क लावतात, म्हणून रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर भाडं एकदा पाहून घ्या.

निघण्याआधी लेकरांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: आम्ही किती फिरणार, आणि कोण कुणाबरोबर? त्यावरून कुठलं कार्ड घ्यायचं ते ठरतं.