पहिली पैज

श्रावकाचाराच्या ग्रंथांत सप्तव्यसनांची गणना जुगारापासून सुरू होते. मद्य, मांस, चोरी यांच्याही आधी द्यूताला स्थान का दिले असावे, याचे उत्तर कोल्हापूरकडील एका जैन कुटुंबातील विद्यार्थ्याला अमेरिकेत, एका फुटबॉल सामन्याच्या दिवशी मिळाले.

हा तरुण बँकेच्या शैक्षणिक कर्जावर अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेला होता. मित्रांच्या पंगतीत मांस आणि मद्य त्याने सहज नाकारले होते, कारण ती व्यसने तो पाहताक्षणी ओळखत असे. मोबाईलवरची पैज मात्र त्याला व्यसनासारखी दिसलीच नाही.

सामना होता ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात धरून प्रतिपक्षाची फळी भेदत पुढे न्यायचा असतो. या दोन संघांची स्पर्धा १८९७ सालापासूनची. नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या या सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक मैदानात बसतात आणि त्या दिवशी सारे शहर संघाच्या तांबड्या रंगात न्हाऊन निघते.

क्रीडा सट्टेबाजीला अमेरिकेतील बहुतेक राज्यांत १९९२ च्या एका संघीय कायद्याने मज्जाव होता. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि निर्णय राज्यांच्या हाती गेला. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून २१ वर्षांवरील व्यक्तीस पैज लावणे कायदेशीर झाले. जे काम पूर्वी आडोशाला चाले, ते आता खिशातल्या मोबाईलवर आले.

३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेटचे पारडे इतके जड मानले जात होते, की पैज नुसत्या विजयावर नव्हती. हा संघ सुमारे २० गुणांच्या फरकाने जिंकेल का, यावर होती. आपल्या विद्यापीठावरील निष्ठेपोटी तरुणाने २२ डॉलर लावले. जिंकल्यास २० डॉलर नफा होणार होता.

मध्यंतराला सामना १०-१० असा बरोबरीत होता. मित्र विजयाची प्रार्थना करीत होते. हा मात्र मनात वीस गुणांचा हिशोब मांडत होता. गोलखांबांमधून चेंडू मारण्याच्या दोन संधी ओहायोने दवडल्या, तेव्हा त्या खेळाडूविषयी त्याच्या तोंडून असे शब्द गेले, जे घरात कधी कोणी उच्चारले नव्हते. शेवटचे मिनिट उरले असता मिशिगनने तीन गुण मिळवले आणि १३-१० असा सामना जिंकला. त्या रात्री त्याने दुसऱ्या एका सामन्यावर ४४ डॉलर लावले. तेही गेले. पहिले २२ डॉलर मौजेखातर गेले होते; हे ४४ डॉलर गेलेले परत मिळवण्यासाठी.

रविवारी आजोबांचा फोन आला. “काय रे, सामना कसा झाला?”

“आजोबा, ६६ डॉलर गेले.”

“मी पैशाचं विचारलं नाही, बाळ. सामन्याचं विचारलं.”

त्याला सामन्याचे फारसे काही सांगता आले नाही. त्याने पैजेची हकीकत सांगितली. खेळाडूविषयी काढलेले अपशब्दही लपवले नाहीत. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तो मुलगा तुझ्याच विद्यापीठात शिकतो ना? मग एका दिवसात तो तुझा शत्रू कसा झाला?”

पैशाचा हिशोबही समजून घेण्याजोगा आहे. २२ डॉलरच्या दहा पैजांपैकी पाच जिंकल्या तर १०० डॉलर मिळतात आणि पाच हरल्यावर ११० डॉलर जातात. निम्म्या वेळा अंदाज बरोबर ठरूनही तोटाच होतो. केवळ बरोबरी साधायची तरी १०० पैकी ५२ हून अधिक पैजा जिंकाव्या लागतात. सामना कोणीही जिंको, फरकाची रक्कम पैज घेणाऱ्या कंपनीकडे जमा होत राहते.

परंतु आजोबांचा प्रश्न या हिशोबाच्या पलीकडचा होता. तेराव्या शतकातील पंडित आशाधर यांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात, ज्याने द्यूत सोडले आहे त्याने मनोरंजनासाठी होड लावणे हाही दोष मानला आहे. कारण त्यातून हर्ष आणि क्रोध उत्पन्न होतात आणि कषाय हेच पापाचे मूळ आहे. २२ डॉलरची झीज भरून निघेल. पण त्या दुपारी मनात उठलेला द्वेष रकमेच्या प्रमाणात लहान नव्हता.

आणि त्या द्वेषाचे लक्ष्य कोण असते? वीस-बावीस वर्षांचे विद्यार्थी, ज्यांना स्वतः पैज लावण्यास महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या नियमांनी मनाई आहे. हरलेले लोक खेळाडूंना धमक्या आणि शिव्या पाठवू लागले, म्हणून त्या संघटनेच्या विनंतीवरून ओहायोने २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजा बंद केल्या.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. ओहायोत पैज कायदेशीर आहे. कायदे देशागणिक बदलतात. म्हणून परदेशी निघालेल्या मुलाला मद्य-मांसाविषयी बजावताना, सप्तव्यसनांतील पहिले व्यसन आज कोणत्या रूपात समोर येते, तेही पालकांनी समजावून सांगितले पाहिजे. आणि चूक घडलीच, तर ती घरी सांगण्याचे धैर्य मुलाला व्हावे, इतका मोकळेपणा घरात असावा.

त्या तरुणाने त्याच दिवशी मोबाईलवरचे खाते बंद केले. जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. अंतिम सामना त्याने मित्रांसमवेत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला.